वॉटसनचं हॉटेल ते एस्प्लनेड मॅन्शन: काळ्या घोड्याजवळची लोखंडी इमारत

तुमचे प्रश्न तीन आहेत. मामांचं वकिलीचं चेंबर अनेक वर्षं एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होतं, ती इमारत एवढी महत्त्वाची का मानतात? ती खरोखर दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे का? आणि इमारत रिकामी झाल्यावर मामांच्या भाडेहक्काचं काय? फोर्ट भागातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून तिन्हींवर लिहितो. पहिल्यावर जास्त लिहीन, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

या इमारतीबद्दल बहुतेकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, इथे हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला गेला. दुसरी, जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं. पहिली खरी आहे. दुसरीला समकालीन पुरावा नाही, ती सांगोवांगीची आहे. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईला चांगल्या हॉटेलची निकड होती आणि शहरावर टाटांचा जीव होता. 16 डिसेंबर 1903 ला ताज उघडलं, त्यामागे एवढी कारणं पुरेशी आहेत. माझ्या दृष्टीने या इमारतीचं खरं मोठेपण तिच्या हाडांत आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

सुरुवात 1860 च्या दशकापासून करावी लागते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर येऊन पडल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. तटाबाहेर एस्प्लनेडचं मोकळं मैदान होतं. तोफांना मारा करायला जागा हवी म्हणून तिथे कोणाला बांधू देत नसत. तट गेल्यावर त्या जागेचे प्लॉट पाडून लिलाव झाले. त्यातला एक प्लॉट जॉन वॉटसन नावाच्या इंग्रज कापडव्यापाऱ्याने घेतला. साहेबलोकांना सूट, हॅट, मोजे विकणारा हा दुकानदार. तळमजल्यावर शोरूम आणि कचेरी, वर राहायची सोय, असा त्याचा मूळ बेत होता. त्यातून पुढे हॉटेल झालं.

1865 मध्ये युद्ध थांबलं, कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बसला, बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. वॉटसनचं बांधकाम 1867 ते 1869 मधलं. म्हणजे जागा तेजीत घेतली आणि इमारत मंदीत उभी केली. त्याच्या जिद्दीचं मला फार कौतुक वाटतं.

त्याने आराखड्यासाठी गाठला तो रोलंड मेसन ऑर्डिश. हा सजावटीचा आर्किटेक्ट नव्हता, लोखंडाच्या बांधकामातला त्या काळचा अव्वल इंजिनिअर होता. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं ते प्रचंड कमानी छत 1868 मध्ये पुरं झालं, त्याच्या तपशिलात ऑर्डिशचा हात आहे. टेम्सवरचा चेल्सीचा आल्बर्ट पूल त्याचाच, 1873 चा. अशा माणसाने मुंबईतल्या कापडदुकानासाठी पूर्ण लोखंडाचा सांगाडा काढला. भाग इंग्लंडात, डर्बीला ओतले आणि घडवले. तिथून ते जहाजाने आले, आणि तेव्हा सुएझ कालवा खुला व्हायचा होता. कालवा नोव्हेंबर 1869 मध्ये उघडला. त्यामुळे हे सगळं लोखंड आफ्रिकेला वळसा घालून आलं आणि एस्प्लनेड रोडवर, आजच्या महात्मा गांधी रोडवर, बोल्टांनी जोडून उभं केलं.

आता हाडांकडे येतो. त्या काळच्या मुंबईतल्या इमारती जाड भिंतींवर उभ्या आहेत. हायकोर्ट घ्या, विद्यापीठ घ्या, एल्फिन्स्टन कॉलेज घ्या. दगडी भिंत स्वतःचं वजन पेलते, वरच्या मजल्याचं वजन पेलते, म्हणून खाली ती जाड असते. चाळींतही भिंती, सागवानी खांब आणि तुळया मिळून भार घेतात. वॉटसनच्या इमारतीत बाहेरची भिंत काहीच पेलत नाही. तळमजला आणि वरचे चार मजले, सगळं ओझं बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) खांबांवर आणि लोखंडी तुळयांवर. खांबांच्या मधली वीट फक्त भरणीची. ती काढली तरी सांगाडा उभा राहायला हवा, अशी ही रचना.

आज कुठल्याही टॉवरचं बांधकाम चालू असताना बघा. आधी सांगाडा चढतो, मग मधे विटा किंवा काच भरतात. याच पद्धतीचा उगम सांगताना पुस्तकं शिकागोच्या होम इन्शुरन्स बिल्डिंगचं नाव घेतात, ती 1885 ची. त्याआधी इंग्लंडात शिअरनेसच्या नौदलाच्या गोदीत 1860 चं बोटींचं चार मजली लोखंडी गोदाम आहे, फ्रान्समध्ये नुआझिएलला 1872 ची चॉकलेटची गिरणी आहे. वॉटसनची इमारत या दोघांच्या मधली. पण गोदाम आणि गिरणी यांत माणसं वस्तीला नसतात. माणसांनी राहायचं, जेवायचं, झोपायचं अशा बहुमजली इमारतीला असा पूर्ण सांगाडा देण्याची इतकी जुनी आणि अजून उभी असलेली उदाहरणं जगात फारच थोडी आहेत, आणि त्यातलं एक आपल्या काळ्या घोड्याजवळ आहे. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 2006 च्या जगातल्या 100 धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ती घेतली. त्यासाठी आग्रह धरला होता इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी. पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमध्ये ज्यांनी इमारतीचा सांगाडा उघड्यावर आणला, त्यांच्या नजरेत ही इमारत भरली यात नवल काहीच नाही.

हॉटेल 1871 मध्ये सुरू झालं. काळाची निवड उत्तम होती. सुएझमुळे विलायतेचा प्रवास सोपा झाला होता आणि 1870 मध्ये मुंबईहून कलकत्त्यापर्यंत रेल्वे जोडली गेली होती. बोटीतून उतरलेला प्रत्येक पाहुणा आधी मुंबईत येणार आणि मग पुढे जाणार. पश्चिमेला मैदान होतं, पलीकडे बॅक बेचा समुद्र. मागची सचिवालयाची इमारत, म्हणजे आजचं दिवाणी आणि सत्र न्यायालय, 1874 ची. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर 1878 चे. म्हणजे आज ज्याला आपण जुनी मुंबई म्हणतो ती उभी राहायच्या आधी हे हॉटेल पाहुणे घेत होतं. आत मधोमध चौक, त्यावर काचेचं छत, तिथे नाच आणि मेजवान्या. मजल्यामजल्याला सलग बाल्कन्या. जानेवारी 1896 मध्ये मार्क ट्वेन इथे उतरला होता, आणि बाल्कनीच्या कठड्यावर येऊन बसणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्याने मोठ्या आवडीने लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिए बंधूंच्या माणसाने, मारियुस सेस्तिएने, इथे हलती चित्रं दाखवली. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. तिकीट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तिथे दर खाली आले, बायकांसाठी पडद्याची सोयही झाली, म्हणजे खरा मुंबईकर प्रेक्षक तिथे मिळाला. आपल्या दृष्टीने याचा धागा सावेदादांपर्यंत जातो. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईतले छायाचित्रकार. हे खेळ पाहून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, 1899 मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीचं चित्रण केलं आणि 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचं. दादासाहेब फाळक्यांच्या एक तप आधीची ही गोष्ट. या इमारतीच्या दारावर सावेदादांच्या नावाची पाटी लागायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ताज आल्यावर वॉटसनचा दिमाख ओसरला. हॉटेल बंद पडलं, इमारत हातोहात गेली, नाव आधी महेंद्र मॅन्शन आणि मग एस्प्लनेड मॅन्शन झालं. मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या करून त्या भाड्याने दिल्या गेल्या. वारसा जपणाऱ्यांपैकी पुष्कळजण हा भाग घसरणीचा म्हणून दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही. वॉटसनने ती बांधली तीच मुळात दुकान आणि कचेरीसाठी. मागे सत्र न्यायालय, हाकेच्या अंतरावर हायकोर्ट. मग इथे वकील येणारच. ज्युनिअर वकिलाला दहा बाय बाराची खोली परवडते, टायपिस्टला जिन्याखाली जागा मिळते, झेरॉक्सवाला, नोटरी, स्टॅम्प व्हेंडर, चहावाला, सगळ्यांची साखळी तयार होते. शहराच्या मध्यावर कमी भाड्याची जागा असणं ही फोर्टच्या व्यापाराची आणि वकिलीची खरी ताकद होती. तुमच्या मामांची पिढी इथूनच कोर्टात गेली. हॉटेलपेक्षा कितीतरी अधिक वर्षं ही इमारत कचेऱ्यांची होती, आणि तो इतिहासही हॉटेलइतक्याच आदराने नोंदवला पाहिजे. मामांकडे आतले जुने फोटो असतील तर जपून ठेवा. कोणत्या वर्षी कोणता खांब उघडा होता, पार्टिशन कुठे होतं, चौकावरचं छत कसं होतं, हे मोजणी करणाऱ्याला अशा फोटोंवरूनच कळतं.

मग बिघडलं कुठे? मुंबईचं पाणी, मुंबईचा भाडेकायदा आणि आत चढलेलं वजन, या तीन ठिकाणी.

आधी कायदा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर धरलं. युद्धानंतरच्या टंचाईत लोकांना छप्पर टिकवायला ते गरजेचं होतं. पण तेच भाडं पुढे अर्धशतक गोठून राहिलं. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, त्यात वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्या वाढीतून रंगाचा डबाही यायचा नाही. मालक म्हणतो, खर्च कशातून करू? भाडेकरू म्हणतो, मी पागडी मोजली आहे, दुरुस्ती तुझं काम. 1969 मध्ये सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं, ते आज म्हाडाकडे आहे. पण मंडळाच्या दुरुस्तीचे निकष साध्या चाळीसाठी बेतलेले. टेकू लावणं, तुळई बदलणं, प्लॅस्टर, गच्चीचं गळतीकाम. डर्बीहून आलेल्या बिडाच्या खांबाला काय करायचं हे त्या दरपत्रकात नसतं. मालक आणि भाडेकरू दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, आणि दोघं बरोबर असताना मधल्या मधे इमारत मरते. फोर्टमधल्या पन्नासेक जुन्या इमारतींना हेच दुखणं आहे असं म्हटलं तर अंदाज कमीच ठरेल.

आता पाणी. बीड म्हणजे ओतीव लोखंड. दाब सोसायला ते फार चांगलं, ताण आला की काचेसारखं तडकतं. तुळयांना घडीव लोखंड वापरत, ते ताण सोसतं. बीड हवेत हळू गंजतं. मुंबईच्या खाऱ्या हवेतही उघडा, रंगवलेला बिडाचा खांब शंभर-दीडशे वर्षं आरामात काढतो. खरी हानी सांध्यात होते. तुळई खांबाला जिथे टेकते किंवा विटेत शिरते तिथे पाणी मुरलं की घडीव लोखंडाचे थर सुटतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट. तो आतून ढकलतो, वीट फुटते, बोल्ट तुटतो, बिडाच्या खांबाला ताण बसतो आणि तडा जातो. वर्षानुवर्षं बाल्कन्या बंद करून खोल्या केल्या, मोऱ्या काढल्या, एसीची यंत्रं टांगली, छपरावर छपरं चढवली. पन्हळी तुंबल्या आणि पाणी सांध्यापर्यंत गेलं. वरून सिमेंटचं प्लॅस्टर फासलं, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसेनासं झालं आणि ओल आतच कोंडली.

तिसरी गोष्ट वजनाची, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. भारतीय मानकाप्रमाणे साध्या कचेरीसाठी दर चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलोचा भार धरतात. पुस्तकांची रॅक जमिनीपासून छतापर्यंत उभी केली की तो सहाशेच्या वर जातो. कायद्याच्या रिपोर्टांचे खंड आणि चाळीस वर्षांच्या ब्रीफा कुठल्या वर्गात मोडतात ते मामांना विचारा. हॉटेलच्या खोलीत पलंग, कपाट आणि दोन माणसं असणार, या हिशेबाने केलेली तुळई.

1 जुलै 2005 ला पश्चिमेकडच्या बाल्कन्यांचा भाग कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. त्यानंतर कज्जे चालले. 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडावी असं सुचवलं, इमारत रिकामी करण्यात आली आणि संवर्धन क्षेत्रातल्या लोकांनी, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेसह, त्याला कडाडून हरकत घेतली.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो. ज्या इमारतीत माणसं धोक्यात होती ती रिकामी करणं योग्यच होतं, त्यात भावनेला जागा नाही. पण ‘राहण्यास धोकादायक’ आणि ‘दुरुस्त न होणारी’ हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. काँक्रीटची इमारत आतून सडली तर बऱ्याचदा खरंच पाडावी लागते, कारण सळई आणि काँक्रीट वेगळं करता येत नाही. बोल्टांनी जोडलेल्या सांगाड्यात एक एक भाग सुटा करता येतो. आधी पाणी बंद करायचं, मग पार्टिशनं, पोटमाळे, लाद्या उतरवून वजन कमी करायचं. टेकू आणि जॅक देऊन प्रत्येक सांधा उघडायचा. खांबाची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजायची, तुळईचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत ताकद तपासायची. बिडाचा तडा वेल्डिंगने सांधू नये, उष्णतेने शेजारी नवा तडा जातो. तो थंड पद्धतीने, धातूचे टाके घालून शिवतात. जो खांब वाचत नाही तो नव्याने ओततात, आणि त्यासाठी डर्बीला जायची गरज नाही, कोल्हापूरच्या फाउंड्रीतले कारागीर हे काम डोळे मिटून करतील. गेलेल्या तुळईच्या जागी पोलादी तुळई बोल्टांनी बसते. काम सावकाश आणि महाग आहे, पण अशक्य नाही.

पुरावा हवा असेल तर भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून या. 1872 ची इमारत, आतले खांब, कठडे, सगळं याच काळातलं लोखंडकाम, हवा तीच खारी. महापालिका, इंटॅक आणि एका खासगी प्रतिष्ठानाने मिळून ते सावरलं, 2005 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च संवर्धन पुरस्कार मिळाला. फरक इतकाच की तिथे मालक एक होता आणि भाडेकरू एकही नव्हता.

दर्जाबद्दल थोडक्यात. मुंबईची वारसा नियमावली 1995 ची, भारतातल्या कुठल्याही शहराची पहिली. त्यात एस्प्लनेड मॅन्शन श्रेणी दोन-अ मध्ये आहे. म्हणजे बाहेरचं रूप परवानगीशिवाय बदलता येत नाही, आत गरजेपुरते बदल चालतात. याच नियमावलीत वारसा इमारतीच्या मालकाला न वापरता येणारं चटईक्षेत्र दुसरीकडे विकण्याची, म्हणजे टीडीआरची तरतूद आहे. माझ्या मते पैशाचा प्रश्न सुटायचा तर तो याच वाटेने. टीडीआरचा पैसा आधी दुरुस्तीच्या स्वतंत्र खात्यात बांधून ठेवायचा आणि काम पुरं होईल तसा सोडायचा. मालकाच्या हाती आधी दिला तर इमारतीला काही मिळणार नाही.

‘पाडून हुबेहूब तशीच बांधा’ असं सुचवणारे भेटतात. काँक्रीटवर लोखंडाचे मुखवटे चढवलेली इमारत बांधता येईल, पण ज्या गुणासाठी जग हिला ओळखतं तो सांगाडाच तिच्यात नसेल. त्यापेक्षा गेलेला भाग उघडपणे नवा दाखवून उरलेला जपावा.

तुमचा तिसरा प्रश्न. इमारत रिकामी झाली म्हणून भाडेहक्क जात नाही. इमारत पाडली गेली तरी जात नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की केवळ बांधकाम नाहीसं झाल्याने भाडेकरार संपत नाही. पण हक्क असणं आणि तो दाखवता येणं वेगळं. मामांकडच्या जुन्या भाडेपावत्या, विजेची बिलं, बार कौन्सिलच्या नोंदीतला या पत्त्याचा उल्लेख, दुकाने आस्थापनांची नोंद असेल तर तीही, सगळ्याच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेल्या मनीऑर्डरची पावती फाइलला लावा. खोलीचं मोजमाप आणि मजल्यावरचं स्थान दाखवणारा साधा नकाशा मामांच्या सहीने, आणि शेजारच्या दोन चेंबरवाल्यांच्या सहीने आत्ताच करून घ्या. अंतर्गत पार्टिशनं पालिकेच्या नकाशात बहुधा नसतात आणि पुनर्वसनाची यादी होते तेव्हा वाद याच खोल्यांवर होतात. भाडेकरूंची संघटना असेल तर मामांना तिचं सभासद करा. दुरुस्तीला पाठिंबा आहे असं लेखी पत्र संघटनेने द्यावं, कारण आजवर बहुतेक कागदांवर मालक आणि भाडेकरू एकमेकांच्या विरुद्धच दिसतात, आणि दुरुस्ती दोघांनाही हवी आहे हे सांगणारा एखादा कागद अधिकाऱ्यांसमोर जाणं फार उपयोगाचं ठरेल.